टाइपरायटरची बोटं

वाशी, गुरुवार, १९८७

कॉम्प्युटरच्या खोलीत बूट बाहेर काढावे लागतात. इतकं सोवळं आमच्या देवघरातही नाही. आणि भोक नेमकं माझ्याच मोज्याला.

उद्या परीक्षा. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची जागा एक, उमेदवार दोन: मी आणि कांबळेबाई. आज सरावात माझी बेरीजच जुळेना. यंत्राला शिव्या घातल्या, तर बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी एकच्या जागी इंग्रजी एल दाबताय!"

खरंच की. आमच्या टाइपरायटरला एकची कळच नव्हती, छोटा एलच एक म्हणून चालायचा. बोटं वीस वर्षं एलवरच जातायत. उद्याही गेली तर? पण बाई गप्प का नाही बसल्या? बसल्या असत्या तर जागा त्यांचीच होती.

निघताना म्हटलं, "बाई, इथे वीज कधीही जाते. तुम्ही मध्ये सेव्हच करत नाही."

"कधीपासून बघताय?"

"सोमवारपासून."

"वा, भाऊ!"

फिटंफाट. बूट चढवले. बोटं मात्र अजून एलवरच.