कोंडवाड्याच्या जागी तुमचं नाव

बाबा, परवा आपल्या गावात तुमच्या नावाचं वाचनालय उघडलं. जुना कोंडवाडा पाडून त्याच जागी बांधलंय. वनखात्याच्या राखीव माळावर चोरून चरणारी गुरं तुम्ही जिथे आणून कोंडायचात आणि ज्याच्या दारात उभं राहून लोक तुम्हाला शिव्या द्यायचे, तीच जागा. भिंती न भाजलेल्या मातीच्या विटांच्या आहेत, छतावर सोलरच्या प्लेटा, पावसाचं पाणी फरशीखालच्या टाकीत उतरतं. मे महिन्यातही आत पंखा लागत नाही, असं सांगतात. बाहेरच्या भिंतीवर एक काळवीट रंगवलाय. दारावर तुमचं नाव आणि त्याखाली ‘वन्यजीवरक्षक’. तुम्ही रोजंदारीवरचे वनमजूर होतात. जिवंतपणी हा शब्द तुमच्यासाठी कुणी वापरला नव्हता.

मी सातवीत होते तेव्हाचा तो दिवस. सरपंचाच्या मुलानं फासे लावून काळवीट मारला आणि तुम्ही त्याला त्या काळविटासकट धरलंत. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तिला सातवा महिना आहे, आणि सरपंच स्वतः दारात उभे आहेत. आत येत नाहीत. आपल्या घरात ते कधी आलेच नव्हते.

“जनावरच व्हतं ना? कोर्टात काय सांगतं, ते इचार करून सांगजो.”

“जे पाह्यलं, तेच सांगीन,” तुम्ही म्हणालात आणि परत जेवायला बसलात.

आठ दिवसांत आपल्याला गिरणी बंद झाली. गिरणी सरपंचाच्या भावाची. मागे पट्टा फिरत असायचा आणि तो आईला सांगायचा, “वयनी, मशीन बंद हाये.” मग आई ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन आसेगावपर्यंत चालत जायची. एकदा परत आली ती पोट धरून उंबऱ्यातच बसली. त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, “बाबा, सांगून द्या ना, नीट दिसलं नाही म्हनून.” तुम्ही हात उगारला नाहीत. एवढंच विचारलंत, “मंग ते हरन कोनं मारलं? म्या?” आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. बाबा, त्या दोन दिवसांचा राग मला अजून आहे. माळावरच्या हरणांपायी तुमचा जीव तुटायचा. डोक्यावर दळण घेऊन चालणारी बाई तुम्हाला दिसत कशी नव्हती?

पुढे गिरणी सुरू झाली. तुम्ही साक्षही दिलीत. बाकीचे साक्षीदार कोर्टात फिरले, पोरगा सुटला आणि पुढच्या हंगामात वनखात्याच्या हजेरीपटावर तुमचं नाव नव्हतं.

वाचनालय समितीचा अध्यक्ष तोच पोरगा आहे. केस पांढरे झालेत. मी शिकवते त्या वाशिमच्या शाळेत तो संमतीपत्र घेऊन आला. म्हणाला, “मॅडम, तुमच्या बाबाचं नाव देलं त मंजुरी लवकर भेटते.” मी सही केली. बांधकाम पाहायला गेले तेव्हा विटांमध्ये गवताची पांढरी मुळं दिसली. गवंड्याला विचारलं, माती कुठली? “माळाच्या उताराची. चांगली चिकट हाये.” मी जाऊन पाहिलं. तुम्ही जिथे टिटवीच्या अंड्यांभोवती दगड मांडून ठेवायचात, तिथे कमरेइतका खड्डा आहे. परत आले आणि समितीनं दिलेला चहा प्याले.

परवा फीत कापायला अध्यक्ष म्हणून त्यानंच माझ्या हातात कात्री दिली. जवळ वाकून हळूच म्हणाला, “तुमी लहान असतानी आमच्या घरी आलत्या, आठोते? आमचा बाप मरेपर्यंत सांगे.”

आठवतं. आई उंबऱ्यात बसली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर सरपंचाच्या ओसरीवर गेले होते. चार माणसं बसली होती. मी म्हणाले, “बाबांचं चुकलं. माफ करा. आईले दळून देत जा.” सरपंच म्हणाले, “आयकू नाई आलं.” मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्यानं आईला स्वतः हाक मारली. तुम्हाला वाटलं, गावाला लाज वाटली. ‘सच्च्या मानसापुढं गावाले झुकाच लागते,’ असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, जावयांना सांगायचात, शेवटच्या आजारपणात डॉक्टरलासुद्धा सांगितलंत. दर वेळी मी तिथून उठून जायचे.

फीत कापल्यावर मला तुमची एखादी आठवण सांगायला बोलावलं. मी हीच सांगितली, तुम्ही सांगायचात तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसून त्यानंही वाजवल्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही आणि वाचनालयात तर ठेवायचंच नाही. आत शिरताना डाव्या हाताला तुमच्या माहितीचा फलक आहे. गिरणीची गोष्ट त्यावरही तशीच आहे. तो मजकूर उद्घाटनाच्या महिनाभर आधी मीच लिहून दिला होता.