भेग बुजवलेला ठोकळा

बाळ्या,

तू रांगायला लागलास त्या वर्षी तुझ्या बाबांनी मागच्या खोलीत लाकूड फिरवून कातायचं हे लेथ मशीन बसवलं. ते गेल्यापासून मी त्यावर चादर टाकून ठेवली होती. ती तू मला न विचारता काढलीस. हौस तुझी, मी कोण बोलणार?

पण काल ज्या ठोकळ्याची भेग तू गोंद आणि भुसा भरून बुजवलीस, तो मशीनवर चढवू नकोस. जळणात टाक. लाकूड अखंड आणि वाळलेलं घे. आधी हाताने एक फेरा देऊन बघ, बाह्या दुमड आणि सुरू करताना बाजूला उभा राहा.

"आई, तुला काय कळतं यातलं?" असं म्हणालास. कळतं मला. बाबांचे ठोकळे मीच निवडून द्यायची. चांगलं लाकूड वाया जाऊ नये म्हणून एकदा मीही अशीच भेग बुजवली, घासून सपाट केली आणि त्यांना सांगितलं नाही. ठोकळा फिरता फिरता फुटला आणि त्यांच्या कपाळावर बसला.

तुला आजवर हृदयविकार सांगत आले. तुझ्यासमोर बोलायचा धीर नाही, म्हणून माझ्या ताईकडे जाते आहे.

तुझे बाबा तू तीन वर्षांचा असताना, सतरा मार्चला सकाळी, त्या मशीनपाशीच गेले.

आई