आमच्या बागेचे बावीस पिक्सेल

३ नोव्हेंबर, सकाळ
प्री-सबमिशन १५ तारखेला. पीएचडीची ही शेवटची मुदतवाढ, हुकली तर रजिस्ट्रेशन रद्द. बारा दिवस म्हणजे रग्गड वेळ. साध्या फोटोत तीन रंग असतात, माझ्या उपग्रहाच्या फोटोत दोनशेच्या वर. त्यावरून आमच्या केदारखेड्यात कुठल्या शेतात काय उभं आहे ते माझं मॉडेल ओळखतं. तालुक्यात असं काम कुणी केलेलं नाही. चौकशी केली नाही, पण नसणारच.

५ नोव्हेंबर
अचूकता ८१ टक्के. माझ्या गाईड आसिफा मॅडम म्हणाल्या, नव्वदच्या आत असेल तर येऊच नका. शिवाय शेतात जाऊन खात्री केलीत ना? केली म्हणालो. चाळीस शेतांची नोंद जालन्यात बसून आठवणीवरून भरली आहे. पण जन्मच त्या गावातला माझा. त्यात बघायचं काय?

७ नोव्हेंबर, दुपार
चूक सापडली. मॉडेल आमच्याच पाच एकर मोसंबीच्या बागेला कापूस म्हणतंय! बावीसच्या बावीस पिक्सेल. तृप्ती म्हणाली, गावी आबांना फोन तरी लावा, नाहीतर जाऊन या, तीस किलोमीटर तर आहे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हिला माझा विषय कळला नाही. जाऊन बघायचं असतं तर उपग्रह कशाला सोडले असते?

८ नोव्हेंबर
जेवण जाईना. उद्या गावाला नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार
मागच्या चाकात हवा जरा कमी. जाणं रद्द.

११ नोव्हेंबर
मॉडेलचा कान धरला. आमचे बावीस पिक्सेल हाताने मोसंबी केले. असलीच हट्टी आणखी सहा शेतं होती, तीही सरळ केली. अचूकता ९६.४! कष्टाला फळ येतंच.

१३ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. आकडा फारच चांगला आलाय म्हणाल्या. उद्या स्वतः येणार, कुठलंही एक शेत दाखवा. मग सुचलं, आमचंच दाखवू. खात्रीचं शेत ते एकच.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
बांधावर मॅडम, आबा आणि मी. समोर पाच एकर कापूस, बाया वेचणी करताहेत. मोसंबीचं एक झाड नाही. मॅडमनी नकाशा पाहिला, कापूस पाहिला, मग मला पाहिलं. विचारलं, मॉडेल आधी काय म्हणत होतं? सांगितलं. उद्या येऊ नका म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आबांवर भडकलो. एवढी बाग तोडली, मला सांगायला काय झालं होतं?

आबा म्हणाले, डिंक्या लागल्ता झाडांना. दोन वर्षं झाली तोडून. तोडली त्याच दिवशी फोन केल्ता तुला. तूच म्हनलास, आबा, आत्ता न्हाई, मी आपल्या बागेचाच अभ्यास करून राह्यलो.