लवणकच्छदीपाची श्रवणसभा

रविवार, ६ जानेवारी १९७४

श्रवणसभा यथासांग पार पडली. उपस्थिती तीन, जागृत उपस्थिती दोन. चुडामण पाटील जसोंडीहून सायकलला केळ्यांच्या फण्या बांधून आले, भिंतीला टेकले, आणि तबकडीची पहिली बाजू संपण्यापूर्वीच समाधिस्थ झाले. मधेच एक डोळा उघडून विचारते झाले — “मास्तर, हा गोरा कायले एवढा हळू गाऊन राहिला? दमा आहे का त्याले?”

अरसिकांची नोंद ठेवण्याचा प्रघात नाही. तथापि चुडामण हे सभेचे एकतृतीयांश असल्याने ठेवावी लागते.

वाद्यवृंदाचे विलायती नाव ‘सॉल्टमार्श लँटर्न’. अस्मादिकांनी त्याचे ‘लवणकच्छदीप’ असे संस्करण केले. संस्कृतच्या शिक्षकाला दुसरे अधिकार उरलेले नाहीत. (राज्य मध्यप्रदेश झाल्यापासून आमची मराठी तुकडी हिंदीत विलीन करण्याचे घाटते आहे. विलीन हा शब्द मोक्षाच्या जवळचा. प्रधानाचार्य तो बदलीच्या स्वरात उच्चारतात.) पाच इंग्रज, एक बासरी, एक देवळातल्यासारखी घनगंभीर पेटी, एकच तबकडी — आणि मग पाचही जण अंतर्धान पावले. इंदूरच्या रेकॉर्डवाल्याने तर त्यांचे अस्तित्वच अमान्य केले. “ऐसा कोई बैंड हैइच नहीं, पंडितजी.” तात्पर्य, अखिल भारतवर्षात या पंथाचे उपासक आम्ही तिघे. त्यांतले एक घोरतात.

रविवार, १३ जानेवारी

सभा झाली. दिवा नेहमीप्रमाणे निखाऱ्याएवढा. यजमान सुधाकररावांच्या पत्नी विमलवहिनी यांनी चहा आणून ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतले.

रविवार, २० जानेवारी

विनोद पुरे. हे पान दुसऱ्या कुणी वाचायचे नाही, मग स्वतःपाशी तरी वेष कशाला?

तबकडी सुधाकररावांच्या मुकुंदाची. पोर इंदूरला इंजिनियरिंगला होते. तिथे वसतिगृहात हे संगीत त्याने ऐकले, आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मित्राकडून ही तबकडी घेऊन आला. घरात ती वाजवायला यंत्र नव्हते. “घेऊ, दिवाळीला घेऊ,” असे वडील म्हणाले. श्रावणात सणाला घरी आलेला मुकुंद नदीच्या राजघाटावर पोहायला गेला, तो परत आला नाही. पट्टीचा पोहणारा. पंचनाम्यात ‘पाय घसरून’ असे लिहिले आहे. सुधाकरराव तहसील कचेरीत हेडक्लार्क. पंचनामे कसे लिहिले जातात हे त्यांना कुणी सांगायला नको.

यंत्र त्यांनी दिवाळीला आणले. ठरल्याप्रमाणे.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी राजपुऱ्यातल्या त्या मधल्या खोलीत आम्ही बसतो. सभा, उपासक, पंथ हे सगळे माझे वाक्‌प्रपंच. खोली नुसती बसण्यासारखी व्हावी म्हणून. सुधाकरराव मात्र एकच गोष्ट ऐकत असतात — पोर गेले की पोराने जीव दिला?

रविवार, २७ जानेवारी

दुसऱ्या बाजूचे ते गाणे आज तीनदा लावले. ‘बंधाऱ्यापाशी’ असे त्याचे नाव. गायक शब्द इतका ओढतो, की प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे मरताना दिसते. मी जातो नदीवर... आई, वाट पाहू नकोस... पेटीचा स्वर खाली, अजून खाली.

सुधाकरराव म्हणाले, “मास्तर, तुम्ही विद्वान. हे गाणं आवडणारा पोरगा सुखी असेल का?”

होय म्हणायला हवे होते. माहीत नाही, असे म्हणायला हवे होते. मी रसचर्चा केली. स्थायी भाव शोक, रस करुण, आलंबन जल. ‘मातः, मा प्रतीक्षस्व’ असे भाषांतरही ऐकवले. ते मान डोलवत होते. घरी आल्यावर लक्षात आले, मी एका बापाला पुरावा तयार करून दिला.

रविवार, १० फेब्रुवारी

सुधाकरराव आता कारणे शोधतात. मागे कधी ओरडलो होतो का. परीक्षेत काही झाले होते का. “आईला सांगून गेला बघा — वाट पाहू नकोस. गाण्यातून सांगून गेला.” वहिनींना त्यांनी यातले काही विचारलेले नाही. त्या समोर आल्या की यंत्र बंद; रविवारी वाजते ते माझे काहीतरी शास्त्रीय आहे, असे त्या समजतात.

चुडामण आज झोपले नाहीत. जाताना जिन्यात म्हणाले, “मास्तर, ह्याले थांबवा. मानूस खंगून राहिला. तुमच्या बोलन्यानं अजून खंगते.”

शिकवणारे चुडामण, शिकणारा मी. वीस वर्षांच्या अध्यापनातील हा विरळा प्रसंग.

रविवार, २४ फेब्रुवारी

सभा. मी मौन पाळले. मौनाचाही अर्थ त्यांनी आपल्या बाजूने लावला.

शुक्रवार, ८ मार्च — धुळवड

सुधाकररावांची मुलाशिवाय पहिली होळी. घरात रंग नाही. विमलवहिनींना त्यांच्या भावाने खंडव्याला नेलेले. परवाच्या रविवारी चुडामणांच्या पुतणीचे लग्न डोईफोडियाला, म्हणून सभा आजच ठेवली. एकट्या माणसापाशी कुणीतरी बसायला हवेच होते.

गाणे लावले, आणि यंत्र बिघडले असे तिघांनाही वाटले. पेटी धावत होती. बासरी उड्या मारत होती. तो दमेकरी गायक वीस वर्षांचा झाला होता आणि शब्द हसत हसत फेकत होता — मी जातो नदीवर, आई, वाट पाहू नकोस! कुणी टारगट पोर मित्रांच्या घोळक्यात निघाले असावे, जेवायला उशिरा येणारे, तसे. चुडामणांचा पाय ठेका धरू लागला. “हे झालं गाणं, मास्तर. हे तर वरातीत वाजवा.”

माझी नजर दिव्यावर गेली. पांढराशुभ्र. त्या खोलीत तो असा मी कधी पाहिला नव्हता. मग कानांना कळले की मागच्या गल्लीतला नेहमीचा खडखडाट नाही. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी. रविवारी ते सारे चालू असतात, राजपुऱ्याची वीज पिऊन टाकतात, आणि उरलेल्या विजेवर आमची तबकडी पाय ओढत फिरत असते. लवणकच्छदीपाचे ते अलौकिक गांभीर्य, ती विलंबित लय, माझा तो शोक आणि करुण रस — हे सगळे मागांचे कर्तृत्व. अखिल भारतवर्षातील तीन उपासकांनी आपले दैवत एकदाही ऐकलेले नव्हते.

हे मी बोललो. वर, आनंदाची वार्ता दिल्यासारखे बोललो.

सुधाकररावांनी सुई उचलली.

“म्हणजे पोरगा खुशीत होता?”

“गाणे तरी खुशीचे आहे.”

“गाण्याचं नका सांगू आता. गाण्यावरून तुम्ही मागे पण सांगितलं होतं.” आवाज चढला नाही. “एक कारण होतं, मास्तर. वाईट होतं, पण होतं. ते पण घेतलं तुम्ही. आता काय म्हणू? उगाच गेला म्हणू?”

चुडामण म्हणाले, “सुधाकरभाऊ, पाय घसरते मानसाचा.”

“तुझ्या पोराचा नाही घसरला.”

आम्ही उठलो. गल्लीत पोरे रंग घेऊन उभी होती. आमचे चेहरे पाहून त्यांनी वाट दिली.

रविवार, १७ मार्च

सभा नाही. दाराशी जाऊन आलो. आतून विमलवहिनी म्हणाल्या, “झोपलेत.” त्या खंडव्याहून परतल्या आहेत एवढेच कळले. परतताना मागांचा खडखडाट घरापर्यंत सोबत होता.

मराठी तुकडीचे विलीनीकरण जूनपासून निश्चित झाले. एरवी यावर चार पाने लिहिली असती.

बुधवार, २० मार्च

सुधाकरराव कचेरीबाहेर भेटले. म्हणाले, “शुक्रवारी या. एकदा नीट ऐकतो, मग यंत्र विकून टाकतो. ऐकून तरी काय कळणार आहे म्हणा.” दाढी वाढलेली. चहा नको म्हणाले.

शुक्रवार, २२ मार्च

दिवा पांढरा, मागे सामसूम. गाणे सुरू झाले. आतले लावलेले दार उघडले आणि विमलवहिनी पिठाच्या हातांनी उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. सुधाकरराव यंत्र बंद करायला वाकले, तर त्यांनी तशाच हाताने त्यांचे मनगट धरले.

“राहू द्या. मुकुंदाचं गाणं आहे हे. रोज म्हणायचा, पाणी भरता भरता. बादली सांडायचा नाचून. त्या दिवशी पण हेच म्हणत गेला की हो, टॉवेल खांद्यावर टाकून — म्हटला, आई, पुरणपोळी झाकून ठेव, आल्यावर दोन जास्त खातो.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मास्तर, तुम्हाला कुठं सापडलं हे?”