तुझ्या अकरा कादंबऱ्या मी वाचल्या

बालाघाट,
१२ फेब्रुवारी १९६९

प्रिय शीला,

सप्रेम जयभीम आणि खूप आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. नर्सिंगची सहामाही परीक्षा पार पडली आणि इंजेक्शन देताना आता हात कापत नाही, हे वाचून जीव सुखावला. शेजारच्या शेवंताबाईला पत्र वाचून दाखवलं तर तिनं लगेच बाही वर केली आणि म्हणाली, "आता मले ताप आला तं शीलाच सुई टोचील." इकडे सगळं ठीक आहे. थंडी ओसरत आली, शाळेत मुलं खोकतात, आणि माझं वजन थोडं वाढलं आहे.

आता एक कबुली. दिवाळीच्या सुट्टीत मी तुझी हिरवी पेटी उघडली. कसर लागली असेल म्हणून उघडली असं लिहिणार होते, पण तसं नव्हतं. तू नागपूरला गेल्यावर घर इतकं गप्प झालं की तुझे जुने कपडे तरी हातात घ्यावेत असं वाटलं. कपड्यांखाली मॅट्रिकचा भूगोल होता आणि भूगोलाखाली अकरा कादंबऱ्या. पाच प्रेमाच्या, चार खुनाच्या, दोन राजवाड्यांच्या आणि जादूच्या. माझ्याच घरात, माझ्या नाकाखाली, एवढी वर्षं.

मला राग आला, हे खोटं कशाला सांगू? तू नववीत असताना एक कादंबरी मी तुझ्या हातातून ओढून चुलीत घातली होती. तू तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. मी तेव्हा तुला कारण सांगितलं नाही, कारण ते मलाच नीट मांडता येत नव्हतं. आपल्या घरात पहिलं पुस्तक आणलं ते तुझ्या बाबांनी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सही येत नव्हती. ते उकव्याच्या खाणीतून थकून यायचे आणि पाटी घेऊन माझ्यासमोर बसायचे. त्यांनी मला सातवी करवली, म्हणून ते गेल्यावर मी शाळेत नोकरीला लागले आणि आपण दोघी तगलो. म्हणून पुस्तक म्हणजे परीक्षा, नोकरी, ताठ मान, एवढंच मला माहीत होतं. गंमत म्हणून कोणी पुस्तक वाचतं, हे मला चोरीसारखं वाटायचं.

पण सुट्टी मोठी होती. अंगणात ऊन छान होतं. मी म्हटलं, पोरगी काय वाचत होती ते बघावं तरी. शेवंताबाई तांदूळ निवडायला येऊन बसली होती, म्हणून मोठ्यानं वाचायला लागले.

पहिली प्रेमाची. माझं स्पष्ट मत सांगते, रागावू नकोस. नायक देखणा आहे, पण दोनशे पानांत तो एक दिवसही कामावर जात नाही. नायिका अकरा वेळा रडते आणि दोनदा चक्कर येऊन पडते. शेवंताबाई मध्येच निवडणं थांबवून म्हणाली, "काहून रडून राह्यली ते? त्याले विचारत काहून नाही, का बाबा तुझ्या मनात काय हाय?" दुसरीत गैरसमज, तिसरीत गैरसमज, चौथीत तर एकच चिठ्ठी चुकीच्या माणसाला मिळते आणि त्यापायी सात वर्षं वाया जातात. पाचवी मात्र चांगली आहे. त्यातली बाई शिवणकाम करून भावाला शिकवते आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला तोंडावर सांगते, की थांबायचं असेल तर थांब. ती मी दोनदा वाचली.

खुनाच्या कादंबऱ्यांनी मात्र मला बिघडवलं. पहिलीतला खुनी मी चाळीसाव्या पानावर ओळखला. वर्गातला खडू कोणी पळवला हे दहा वर्षं शोधणाऱ्या बाईला एक खुनी काय जड जातो? जो पोरगा विचारल्याशिवाय "मी नाही" म्हणतो, तोच. गुप्तहेर बिचारा शेवटपर्यंत सिगारेटी ओढत फिरतो. पण दुसरीनं मला साफ फसवलं. ती वाचताना भात करपला. तिसरी कादंबरी शाळा सुरू झाल्यावर वाचली, आणि नोकरीत पहिल्यांदा मी घंटेनंतर शाळेत पोचले. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं. मी सांगितलं, तब्येत बरी नव्हती. खोटं बोलले.

जादूच्या पुस्तकांना मी हात लावणार नव्हते. मोठ्या माणसानं उडत्या घोड्यांचं काय वाचायचं? आणि माझे आक्षेप अजूनही आहेत. गुहेत बारा वर्षं कोंडलेल्या राजकन्येचा स्वयंपाक कोण करतं, हे लेखकानं कुठेही लिहिलेलं नाही. पण एका पुस्तकात त्या राजकन्येला पाखरांची बोली कळायला लागते आणि इतकी वर्षं नुसता गोंगाट वाटत होता तो बोलणं होऊन कानावर येतो. तिथे मी थांबले. मला पाटीवरचं माझं पहिलं अक्षर आठवलं. शेवंताबाई "पुढं वाच, पुढं वाच" म्हणत होती आणि मला वाचता येईना. नववीतली तू त्या दुपारी कुठे गेली होतीस आणि मी तुला कुठून ओढून आणलं, ते मला तेव्हा कळलं. शीला, माझं चुकलं. हे समोर बसून सांगायला हवं होतं.

अकरांपैकी एका पुस्तकावर गुजरी बाजारातल्या वाचनालयाचा शिक्का होता. ते परत करायला गेले. तिथले तेजराम मेश्राम तुला माहीत आहेत. उकव्याच्या खाणीत हजेरीबाबू होते, आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी सोडून आले आणि घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय मांडलं. आई चार वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून एकटेच असतात. पुस्तकांना खाणीच्या जुन्या निळ्या नकाशांची कव्हरं घालतात. पुस्तक बघून एवढंच म्हणाले, "आलं काय परत? मले वाटलं पोरीनं नागपूरले नेलं." मी त्यांना सांगितलं की पुस्तकात चार चुका आहेत, आणि चारही सांगितल्या. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "बाई, तुम्ही हे लिहून द्या. लोक मले विचारतात कोणतं नेऊ, अन् मी सगळ्यालेच चांगलं म्हणतो."

तेव्हापासून दर रविवारी मी वाचनालयात जाते. वाचलेल्या पुस्तकाबद्दल अर्ध्या कागदावर मत लिहिते आणि ते कव्हरच्या आत डकवतात. "नायिका शहाणी, पण शेवटची वीस पानं घाईची." "खुनी ओळखता येणार नाही. चुलीवर काही ठेवून वाचू नये." लोक आता आधी कागद वाचतात, मग पुस्तक नेतात. वारासिवनीहून दोन बाया बसनं येतात. तेजरामांचं माझं मात्र जमत नाही. त्यांना दुःखी शेवट आवडतात, आणि ते वाचताना त्यांचे डोळे खरोखर भरून येतात. मी म्हणते, लेखकाला पुढचं सुचलं नाही की तो कोणाला तरी क्षय लावतो. यावर आमचा दोन तास वाद झाला आणि चहा गार झाला.

याची बातमी कटंगीला तुझ्या मोठेबाबांपर्यंत गेली. गेल्या महिन्यात आले. धाकट्या भावाच्या बायकोकडे बघायचं नाही म्हणून नेहमीसारखं भिंतीकडे बघून बोलले, "शीलाच्या मायले सांगावं लागते, लोक हसून राह्यले. शाळेतल्या बाईनं असल्या पुस्तकावर लिहावं काय?" मी वाद घातला नाही. त्यांच्या परतीच्या बसला दीड तास होता. चहा दिला आणि खुनाची दुसरी कादंबरी पुढ्यात ठेवली, म्हटलं, वाचून बघा, वाईट काय आहे ते सांगा. तुला माहीत आहे, ते ओळीवर बोट ठेवून वाचतात. दोनची बस गेली. चारचीही गेली. पाच वाजता भिंतीलाच विचारलं, "मुनीमच हाय नं?" मी म्हटलं, सांगणार नाही, घेऊन जा. पुस्तक पिशवीत घालून गेले. परवा कार्ड आलं आहे, की याच लेखकाचं आणखी असेल तर कोणाबरोबर तरी पाठवावं.

तर शीला, आता खरं सांगते. चार दिवस हे पत्र लिहिते आहे, आणि पानं पुस्तकांवर भरली, कारण एक गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. मागच्या रविवारी मी एका प्रेमाच्या कादंबरीच्या कागदावर लिहिलं, "सगळी माणसं विशीतलीच का? चाळिशी ओलांडलेल्यांना मन नसतं का?" या रविवारी तो कागद मला परत मिळाला. खाली पेन्सिलीनं, तेजरामांच्या हजेरीपटाच्या अक्षरात लिहिलं होतं, "असते. माझं वय सेहेचाळीस आहे. तुम्हाला विचारावं काय, हे कळत नाही." मी तिथेच म्हटलं, विचारा. त्यांनी विचारलं. दोघांचेही कान लाल झाले होते. तुझे बाबा गेल्याला अकरा वर्षं झाली. त्यांची जागा मनात आहे तिथेच आहे, तिला धक्का लागत नाही ना, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. तेजरामांना मी हो म्हणाले, पण सांगितलं, की माझी मुलगी हो म्हणेल तेव्हाच ते पक्कं. ते म्हणाले, "हौ, पोरीले वेळ घेऊ द्या," आणि आज सकाळपासून दोनदा विचारून गेले, की पत्र टाकलं काय. मोठेबाबा रागावतील, कदाचित वर्षभर येणार नाहीत. ते मी सोसेन. तुझी नाराजी मला सोसणार नाही, म्हणून तुला सगळ्यांच्या आधी विचारते. मार्चमध्ये सुट्टी मिळाली की ये. गोंदियाला गाडी बदलताना सांभाळ. त्यांना भेट, बोल, मग तुला जे वाटेल ते माझ्या तोंडावर सांग. मी खूप आनंदात आहे, पोरी, आणि हे सांगायला तुझ्याशिवाय मला दुसरं कोणी नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, तुझीच,
आई