गार गॅस

मंगळवार, संध्याकाळ. कोपरी.

डोकं चालेनासं झालंय. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात इतकी वर्षं आग विझवायच्या बाटल्यांत कार्बन डायऑक्साइड भरतोय. माझ्यासाठी तो गार गॅस. सोडला की नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो. आजही बोट चिकटलं, अजून बधिर आहे. मे महिन्यात पत्र्याखाली जीव जातो, तेव्हा जुन्या बाटल्यांत उरलेला गॅस आम्ही अंगावरच सोडतो. गारव्यासाठी!

हेच चहा पिताना सांगितलं, तर गार्गी हसलीच. लेक अकरावीला आहे, सायन्सला.

"बाबा, दाबातून सुटतो म्हणून तेवढ्यापुरता गार लागतो. हवेत गेल्यावर तो गरमी अडवतो."

"काहीतरीच! ऊन तर येतंच की खाली."

"ऊन येऊ देतो तो. ह्या भिंतीला हात लावा बघू."

लावला. सूर्य कधीच गेलेला, पण गॅलरीची भिंत अजून चांगलीच गरम.

"ही गरमी आता वर आकाशात निघालीय. तिला हा गॅस धरतो आणि थोडी परत खाली पाठवतो."

"म्हणजे गारवा मिनिटभराचा, आणि गॅस?"

"तो राहतो, बाबा. शेकडो वर्षं."

तुमच्या बाटल्यांचं काही नाही, खरा धूर गाड्यांचा, कोळशाचा, असंही म्हणाली. मला ते धड ऐकूच येईना.

उद्या दुपारी माझ्या जोडीचा सावंत म्हणणारच, "भाऊ, सोडा जरा गारवा." काय सांगू त्याला? माझं बोट तर अजून बधिर आहे.