जाड हातमोजे

प्रिय ताई,

हे पत्र कानात इअरफोन घालून ऐक. तू लेकीकडे आहेस, तिच्यासमोर फोन मोठ्याने लावू नकोस. तुझ्या फोनमधली ती वाचून दाखवणारी बाई, तू जिला कोरडी काकू म्हणतेस, तिच्या आवाजात हसणं नाही, रडणं नाही, आणि आज मला तेच सोयीचं वाटतंय. मी फोन करून बोलले असते तर दुसऱ्याच वाक्याला तू हसून विषय बदलला असतास, आणि मीही तो बदलू दिला असता. कोरड्या काकूला मध्येच तोडता येत नाही. ती शेवटपर्यंत वाचते.

तुझा निरोप मी चारदा ऐकला. खांदा आता वरपर्यंत उचलता येतो, डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली, आणि तू लगेच एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत आपल्या दोघींची नावं घालून मोकळी झालीस. लेकीकडून पातळ हातमोजेही मागवलेस. वर म्हणालीस, चूक माझीच होती, जाड हातमोजे मीच तुझ्या गळ्यात मारले, तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, आणि येतेस की नाही ते एका शब्दात कळव. एका शब्दात कळवायचं म्हणून बसले होते. दोन संध्याकाळी गेल्या.

इकडचं सांगते. थंडी हटायचं नाव घेत नाही. मी रोज पळते. सहाला उठते, कपडे घालते, पाण्याच्या टाकीपर्यंत जाते, परत येते. बारा किलोमीटर होतात. पाय दुखत नाहीत, दम लागत नाही, बरंही वाटत नाही. आमच्या दवाखान्यात दात काढायच्या आधी डॉक्टर भूल देतात ना, नंतर पेशंट गालाला हात लावून विचारतो की हा माझाच गाल आहे का, तसं चाललंय. मी त्यांना सांगते, दोन तासांत उतरेल, तोवर गरम काही पिऊ नका, जीभ चावली तरी कळणार नाही. माझे दोन महिने झाले. घरातले म्हणतात हिला जावेची काळजी लागलीय. आपल्याबरोबर पळणारे घड्याळकाका तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, जावांनी यांच्याकडून शिकावं. मी मान हलवते आणि बुटाची नाडी बांधायला वाकते.

काकांना तू विचारलंस म्हणून सांगते. बस चालवायचं सोडून सात वर्षं झाली तरी वेळापत्रक अंगातून जात नाही. अजून प्रत्येक वळणावर किती मिनिटं, किती सेकंद ते ओरडून सांगतात. परवा नवा एक जण पळायला आला, जाड सुती बनियनवर दोन स्वेटर घालून. काकांनी त्याला पकडून तुझं व्याख्यान पाठ म्हणून दाखवलं: अंगाला लागून सुती नको, घामाने भिजलं की तेच कापड गोठवतं; आत घाम बाहेर टाकणारा पातळ थर, वर वारा अडवणारा एक; आणि घरातून निघताना थोडं कुडकुडलं नाही तर समज जास्त घातलंय. त्याने विचारलं हे कोणी सांगितलं. काका म्हणाले, आमच्याकडे एक बाई आहेत, त्यांना दिसत नाही, पण कापड त्यांना कळतं तसं डोळसांना कळत नाही. मी तिथून पुढे निघाले.

पळायच्या कपड्यांचं ते दुकान आठवतं का? तू प्रत्येक जॅकेट उलटं करायचीस. वीस वर्षं शर्टांचं कटिंग केलेल्या तुझ्या बोटांना काखेतली एक जाड शिवण सापडायची आणि तू त्या विक्रेत्या मुलीला सांगायचीस, दहा किलोमीटरला ही शिवण बाईचं कातडं सोलेल. ती बिचारी लेबलावरची किंमत आणि रंग सांगत राहायची. बूट घेताना तू मला जाड पायमोजे घालायला लावून मगच माप बघितलंस, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडलीस, आणि वर म्हणालीस की हिच्या पायाची बोटं हिच्या स्वभावासारखी आहेत, जरा दाबलं की सुजतात. सगळं दुकान हसलं. कानटोपीवरून मात्र तू कधी ऐकलं नाहीस. कान झाकले की रस्ता बंद होतो म्हणायचीस. लाल झालेले तुझे कान मी तळव्यांनी चोळायचे, आणि तू डोळे मिटून उभी राहायचीस.

एका घरात अकरा वर्षं राहिलो तेव्हा आपण एकमेकींना पाण्यात पाहत होतो, हे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यावरून आपण पाच महिने बोललो नव्हतो. भाऊजी मधल्यामध्ये निरोप्याचं काम करायचे. मग तुझे डोळे गेले, हळूहळू, कडेकडेने, आणि तू म्हणालीस की मला पळायचंय. तुझ्याबरोबर यायला मी हो म्हणाले ते चांगुलपणाने नव्हे, मला वाटलं महिनाभरात तुझी हौस फिटेल. तू जुन्या पट्ट्याची हातभर दोरी शिवलीस, दोन टोकांना दोन फास, एक तुझ्या हातात, एक माझ्या. एक हिसका म्हणजे वळण, दोन म्हणजे थांब. सासूबाई म्हणाल्या, एवढी वर्षं मी सांगून थकले, शेवटी दोरीनेच बांधाव्या लागल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडातला 'अहो' गेला. 'ताई, खड्डा आहे, जरा डावीकडे या' एवढं होईपर्यंत तू खड्ड्यात असायचीस. मी 'डावी' म्हणायला लागले आणि त्याच सकाळी तू मला प्रथमच मैत्रिणीसारखी शिवी दिलीस. मला फार बरं वाटलं होतं.

तीन हिवाळे झाले. या तीन हिवाळ्यांत मी तुला काय काय सांगितलं असेल! डावी, उजवी, चढ, ओलं आहे, कुत्रं बसलंय, सायकल येतेय, पायरी, पायरी, सपाट. रोज दीड तास. मी पुढची चार पावलं सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही. नदीवर धुकं असतं हे मला लोकांनी काढलेल्या फोटोंवरून कळतं. हे मी तुला कधी बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काय आहे त्यात? तू विचारलं असतंस, कंटाळलीस का गं, तर मी नाही म्हणाले असते आणि ते खरंच होतं. कंटाळा नव्हता. पण माझ्यात वेग होता, ताई. दवाखान्यातून घरी येताना मी कधी कधी उगाच पळायचे, पर्स काखेत मारून, तुझ्याशिवाय, गप्प. घरी आल्यावर चोरी केल्यासारखं वाटायचं.

यंदा थंडीने माझी बोटं फुटायला लागली म्हणून तू ते हातमोजे निवडलेस. चारी बोटांना एकच कप्पा, आत लोकरीचं अस्तर. मी म्हटलं, यात दोरीचा हिसका कळायचा नाही. तू म्हणालीस, तुझ्या बोटांतून रक्त येतंय आणि तुला हिशेब सुचतायत, हिसका जोरात दे म्हणजे झालं. तू स्वतःलाही तसलेच घेतलेस. त्यामुळे पुढचं सगळं इतकं सोपं झालं.

त्या सकाळचं आता लिहिते. कारखान्याच्या भिंतीचा सरळ रस्ता. तू मजेत होतीस, लेकीच्या नव्या घराबद्दल काहीतरी सांगत होतीस. उजाडायला लागलं होतं. पुढे रस्ता रिकामा होता आणि मी मूठ उघडली. दोरी सुटली नाही, ताई. मी सोडली. फास हातमोज्यावरून घसरून पडला ते मी पाहिलं. वाटलं, सरळ रस्ता आहे, चार पावलं, मग परत धरू. तुला जाड लोकरीतून काही कळलं नाही, तू बोलत राहिलीस. मी पुढे गेले. हात मोकळा झाला आणि पाय आपोआप लांब पडायला लागले. भिंत संपते तिथे गाड्या येऊ नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब आहेत, आपण हजार वेळा त्यांच्यातून गेलोय. ते मला दिसले. मी त्यांच्यामधून माझ्यापुरती वाट काढली आणि गेले. 'खांब' म्हणायचं मला सुचलं नाही, कारण त्या वेळी तू मला आठवतच नव्हतीस. बारा पावलं. मी नंतर जाऊन मोजली. त्या बारा पावलांत मी जेवढी खुश होते तेवढी कित्येक वर्षांत नव्हते. मग मागे आवाज आला.

अँब्युलन्समध्ये तू दुखण्याने पांढरी पडली होतीस, आणि तरी मलाच समजावत होतीस, एवढ्या जाड हातमोज्यांत तुला कळलंच नसेल गं. मी म्हणाले, हो. तेव्हापासून मला काही होत नाही. तुझं दुखणं ऐकलं तरी नाही, तुझा खांदा बरा झाला ऐकून तरी नाही. दोन महिने तू स्वतःला दोष देतेयस आणि मी तो देऊ देतेय. काल मात्र तुझा निरोप चौथ्यांदा ऐकताना 'चूक माझीच' या शब्दांपाशी मला पुढे ऐकवेना, म्हणून लिहायला बसले. शर्यतीचं विचारशील तर मला तुझ्याबरोबर पळायचंय. पण तू हे ऐकल्यावरच ठरव. घड्याळकाकांना मी विचारून ठेवलंय, ते तयार आहेत. त्यांचा वेग कमी आहे, पण ते तुला कधी विसरणार नाहीत. माझ्या नावाच्या जागी त्यांचं नाव घालायला रविवारपर्यंत वेळ आहे. तू जे करशील त्यावर मी काही म्हणणार नाही. फक्त यापुढे कुणालाही, भाऊजींना, लेकीला, सांगताना स्वतःचं नाव घेऊ नकोस. माझं घे. चूक तुझी नव्हती, ताई.

तुझीच,
धाकटी